नवा कोरा पट्टा

मामाला सगळेच मामा म्हणत, पण तो खरा मामा फक्त दोघांचा. बहिणीच्या मुलांनी हाक मारायला सुरुवात केली, ती वर्कशॉपमधल्या कामगारांनी उचलली, कामगारांकडून गिऱ्हाइकांनी, आणि होता होता वयाने कितीतरी मोठी माणसंही "मामा, जरा बघता का" म्हणत गाडीची चावी त्याच्या हातात ठेवू लागली. एखाद्याला मामा बनवणं कशाला म्हणतात ते आपल्याला ठाऊक आहेच. मामाची बायको म्हणायची, यांना कुणी बनवायला नको, हे तयारच आलेत.

वर्कशॉप भाऊजींचं, म्हणजे मामाच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. गावाबाहेर गाड्या पळवायचा एक ट्रॅक होता आणि महिन्यातले काही दिवस तो हौशी लोकांसाठी खुला असे. हौशी म्हणजे आपलेच लोक: बेकरीवाले, वकील, पेन्शनीत निघालेले बँकवाले. रोज भाजी आणायला जी गाडी न्यायची तीच तिथे नेऊन जिवाच्या कराराने पळवायची. पण ट्रॅकवर सोडण्याआधी ती गाडी भाऊजींकडे यायची. मग तिच्यातल्या मऊमऊ गोष्टी काढून टाकायच्या, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा, म्हणजे गाडी उलटली तरी छप्पर डोक्यावर येणार नाही, आणि माणसाला सीटला जखडणारा सहा पट्ट्यांचा बेल्ट लावायचा. दोन पट्टे खांद्यांवरून, दोन कमरेवरून, दोन मांड्यांमधून. सहाही पोटावरच्या एका गोल बकलात येऊन अडकतात. बकल फिरवलं की सगळे एकदम सुटतात.

भाऊजींचा एक नियम होता, आणि त्यासाठी ते आलेलं गिऱ्हाईक परत पाठवत. पिंजरा नसेल तर बेल्ट लावणार नाही. ते समजावून सांगत, "साध्या गाडीत छप्पर चेपलं तर माणूस निदान कलंडतो, वाकतो. हा बेल्ट त्याला ताठ बसवून ठेवतो. माणसाला बांधायचं असेल तर आधी त्याच्या डोक्यावर पक्कं छप्पर द्यायचं. नाहीतर तो खून झाला."

मामाच्या बाबतीत भाऊजींनी हा नियम तंतोतंत पाळला होता.

वडील गेले तेव्हा मामाला मिसरूडही फुटलं नव्हतं. ताई त्याला आपल्या घरी घेऊन आली. भाऊजींनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, एकदा गोल फिरायला लावलं आणि म्हणाले, "हा आत जाईल." मामाच्या आयुष्यातली नोकरीची मुलाखत ती तेवढीच.

आत जाईल म्हणजे काय, ते सांगायला हवं. पिंजऱ्याचे पाइप छपराला जवळजवळ चिकटून जातात. त्यामुळे वरच्या सांध्यांना तीन बाजूंनी वेल्डिंग करता येतं, चौथी बाजू छपराच्या अंगाला जाते आणि तिथे हात पोचत नाही. पुष्कळ ठिकाणी ती बाजू तशीच सोडून देतात. कोण बघायला जातंय? भाऊजी त्यातले नव्हते. ते गाडीच्या तळाला चार भोकं पाडत, अख्खा पिंजरा त्या भोकांतून वीतभर खाली सोडत, आणि पाइप आणि छपराच्या मधे जी फट पडे तिच्यात एका माणसाला सरकवत. त्याने आत पालथं पडून, मान वाकडी करून, चौथी बाजू शिवून घ्यायची. मग पिंजरा पुन्हा वर उचलायचा, पायांखाली जाड पत्र्याच्या बैठका द्यायच्या आणि भोकं बुजवायची. तो एक माणूस म्हणजे मामा.

ठिणग्या कॉलरमधून पाठीवर उतरायच्या आणि हलायची सोय नसायची. मामा लहान श्वास घ्यायला शिकला. पुढे केस पिकले, चाळिशीचा चष्मा लागला, पण अंगावर मूठभर मांस चढेना. मधे एकदा त्याने ठरवून पोट वाढवायचा प्रयत्न केला. पोट सुटलं की फटीतून आपोआप सुटका, असा साधा हिशेब. ताईच्या घरी जेवायला गेला की दोनदा वाढून घ्यायचा, रात्री दुधात केळी कुस्करून खायचा. ताई हरखली, म्हणाली, माझ्या भावाला भूक लागायला लागली. पण खाल्लेलं अंगी लागेल तर शपथ. मामा होता तसाच काटक राहिला आणि भाऊजी कौतुकाने सगळ्यांना सांगत राहिले की आमच्या मामाची कंबर बघा, लग्नात होती तेवढीच आहे.

राहायला वर्कशॉपच्या माथ्यावरची दीड खोली. तीही भाऊजींनीच दिलेली. खोलीला स्वतःचं दार नव्हतं, म्हणजे जिन्याला होतं, पण जिना उतरायचा तो थेट वर्कशॉपमध्ये. दूध आणायला निघालं तरी वाटेत एखादी उघडी गाडी आणि "मामा, आलाच आहेस तर जरा हे धर" हे ठरलेलं. जळक्या रंगाचा वास उशीच्या अभ्र्यापर्यंत पोचलेला. बायको लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही दिवस खिडकी उघडायची, मग तिने ते सोडून दिलं.

भाऊजी दुष्ट असते तर किती बरं झालं असतं. दुष्ट माणसाला सोडून जाता येतं. हे मामाच्या बायकोच्या आजारपणात रात्रभर दवाखान्याच्या बाकावर बसलेले. मामाला चष्मा लागला तर वेल्डिंगच्या मुखवट्यात बसेल अशी खास काच शोधून आणलेले. मामा मनात वाक्य जुळवून त्यांच्यासमोर उभा राहायचा, आणि ते नेमकं तेव्हाच विचारायचे, "जेवलास का रे?" की वाक्य घशातच.

वाक्य कसलं, तर जायचं होतं. बायको दवाखान्यात मदतनीस होती. तिथे चाकांच्या खुर्चीतल्या पेशंटला घेऊन एक गाडी यायची आणि तिने पाहिलं की खुर्ची गाडीत चक्क दोरीने बांधलेली आहे. तिने ड्रायव्हरला झापलं, ड्रायव्हरने तिला एका संस्थेचा पत्ता दिला. संस्था अशा लोकांसाठी गाड्या तयार करायची, आणि खुर्च्यांना पट्टे, हुक, पकडी बसवणारा जाणकार माणूस त्यांना मिळत नव्हता. राहायला दोन खोल्या. बायको जाऊन सगळं बघून आली. आल्यावर खोल्यांबद्दल बोलली, पगाराबद्दल बोलली, आणि मग म्हणाली, "त्या गाड्यांचं छप्पर उंच असतं. तुम्ही उभं राहून काम कराल."

हे ऐकून मामाला एकदम रडू आलं. त्याने नाक शिंकरल्याचं सोंग केलं.

मुलाखत मंगळवारी अकराला ठरली. मंगळवारी वर्कशॉपला सुट्टी, म्हणजे भाऊजींना काही सांगायलाच नको, असं मामाला वाटलं. पण दातांच्या डॉक्टरांची गाडी बुधवारी सकाळी द्यायची होती. डॉक्टर पहिल्यांदाच ट्रॅकवर उतरणार होते आणि भाऊजींनी शब्द दिला होता. बेल्ट परदेशातून यायचा होता, त्याने वाट बघायला लावली आणि आला तो अगदी शेवटच्या घटकेला. सोमवारी संध्याकाळी मामाने तो बसवला.

"उद्या सकाळी एकदा बसून बघ, म्हणजे झालं," भाऊजी म्हणाले.

"उद्या जरा जाऊन येणार होतो, भाऊजी. दाढ दुखतेय."

"अरे, परवा डॉक्टर गाडी न्यायला येतायत. त्यांनाच दाखव की. फुकटात."

"फार ठणका आहे."

"बरं बरं. मग सकाळी बस आणि जा. मी पावडर कोटिंगवाल्याकडे जाऊन दुपारपर्यंत येतो." आणि जाता जाता वळून, "लवंग धर दाढेखाली."

मंगळवारी बायको आधी निघाली. तिला दवाखान्यात रजा टाकून थेट संस्थेच्या फाटकाशी उभं राहायचं होतं. तिने मामाचा इस्त्रीचा शर्ट खुर्चीवर टांगला आणि म्हणाली, "मी तिथे आहे. उशीर करू नका." मामा खाली उतरला. बसून बघायचं म्हणजे काम पाच-दहा मिनिटांचं. त्याची पद्धत ठरलेली होती: खिसे रिकामे करायचे, कारण पट्टा आवळला की खिशातली चिल्लर हाडात घुसते. त्याने मोबाइल, किल्ल्या, चष्म्याचं घर सगळं टेबलावर ठेवलं आणि पिंजऱ्याचे पाइप ओलांडून सीटमध्ये उतरला.

सहाही पट्टे बकलात टक्‌टक् बसले. त्याने आधी कमरेचे आवळले, मग खांद्यांचे खाली ओढले. छाती दाबली गेली, श्वास आपोआप लहान झाला. सगळं ठीक वाटलं. त्याने बकल फिरवलं.

बकल फिरेना.

पुन्हा फिरवलं, जोर लावून. आत कुठेतरी करकर झालं, दात खाल्ल्यासारखं, आणि जागच्या जागी थांबलं.

काय झालंय ते मामाला लगेच कळलं, हीच तर खरी शिक्षा. आदल्या संध्याकाळी मागच्या पाइपावर पट्टा अडकवायचा जो लोखंडी कान असतो, त्याची धार राहिली होती आणि ती त्याने ग्राइंडरने घासली, बेल्ट गाडीत असताना. ग्राइंडर चालवायच्या आधी बेल्ट गाडीबाहेर काढायचा, हे त्यानेच प्रत्येक नव्या कामगाराच्या डोक्यात हातोडीने ठोकलं होतं. पण सोमवारी डोक्यात मंगळवार होता. त्याने नुसतं फडकं टाकलं, फडकं घसरलं असणार, आणि लोखंडाचा कीस बकलाच्या पोटात जाऊन बसला.

त्याने तोंडाने फुंकर घातली. हनुवटी छातीला टेकवून जमेल तितकी. खांद्यांचे पट्टे सैल केले, ते झाले. मग कमरेचे सैल करायला गेला तर त्यांच्या सैल करायच्या कड्या सीटच्या बाजूच्या भोकात आत ओढल्या जाऊन तिरक्या रुतलेल्या. हाताला लागत होत्या, पण हलत नव्हत्या. पट्ट्याची लांबी जरा चुकली होती. बसून बघायचं ते असलं काही सापडावं म्हणूनच. सापडलं.

शटर बंद. रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं, ती सुरू झाली आणि निघून गेली. मामाने हाका मारल्या, पण शेजारी लाकूड कापायचं यंत्र चालू होतं. मग टेबलावर मोबाइल वाजायला लागला. थरथरत तो हळूहळू काठाकडे सरकत होता. बायकोच असणार. गाडीपासून टेबल फार तर चार पावलं.

आणि आता ती गोष्ट सांगतो, जी मामाने नंतर बायकोशिवाय कुणाला सांगितली नाही. त्याच्या उजव्या हाताशी, पिंजऱ्याच्या पाइपावर, कटर होता. आकडीसारखा वाकडा, आत पातं, पट्ट्यात अडकवून ओढला की पट्टा चिरत जातो. प्रत्येक गाडीत तो बसवायचाच, माणसाच्या हाताला लागेल असा. याही गाडीत मामानेच सकाळी आल्या आल्या दोन स्क्रू पिळून बसवला होता. कमरेचा एक पट्टा कापला की तो मोकळा झाला असता.

तो हाताळायचा कसा, याचा मामाकडे वर्गच चाले. नवं गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं की मामा पाइपाला जुना, टाकाऊ पट्टा अडकवायचा, दुसरं टोक स्वतः ताणून धरायचा आणि म्हणायचा, कापा. लोक बिचकायचे. मामाचं एक वाक्य ठरलेलं होतं. बकल अडकलं तर विचार करत बसायचं नाही. पट्टा नवा मिळतो, माणूस मिळत नाही.

मामाने कटर हातात घेतला. पट्ट्याला लावलासुद्धा. पट्टा नवा कोरा, लाल, कंपनीच्या वासाचा. तो कापला तर दुसरा यायला पुन्हा तेवढेच दिवस. डॉक्टरांचा पहिला ट्रॅकचा दिवस बुडणार. भाऊजींनी शब्द दिलेला, तो पडणार. आणि भाऊजी विचारणार, अशी काय आग लागली होती? दाढ दुखते म्हणून कुणी बेल्ट कापतं का? मग खरं सांगावं लागणार. एवढ्या वर्षांत जे वाक्य घशाबाहेर आलं नाही, ते कापलेला पट्टा हातात धरून सांगावं लागणार.

अजून थोडा वेळ आहे, असं म्हणत त्याने कटर मांडीवर ठेवला. बसच्या वेळेच्या आत भाऊजी आले तर जमेल. मग म्हणाला, रिक्षा करता येईल. मोबाइल पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. मग टेबलाच्या काठावरून खाली पडला आणि तिथूनही वाजत राहिला. मग तोही कंटाळला. भिंतीवरच्या घड्याळाकडे मामाची पाठ होती, पण टकटक ऐकू येत होती. छपराचा पत्रा वीतभर वर होता. गेली सगळी वर्षं तो याच पत्र्याखाली होता, पण आज पहिल्यांदा त्याचा जीव गुदमरला. त्याने कटर पुन्हा उचलला, पट्ट्याला लावला, आणि तसाच धरून बसला. हात नुसता खाली ओढायचा होता.

ओढला नाही. अकरा होऊन गेल्यावर तर कशासाठी ओढायचा?

दुपारी शटर वर गेलं. भाऊजींनी पाहिलं, हसू दाबलं, कंप्रेसरची नळी ओढत आणली आणि बकलावर हवा मारली. फुस्स. पुन्हा फुस्स. काळा कीस उडाला, बकल फिरलं, सहाही पट्टे सुटून बाजूला पडले.

मामाच्या मांडीवरचा कटर त्यांना दिसला. त्यांनी तो उचलून जागेवर अडकवला आणि मामाच्या पाठीवर थाप मारली. "दुसरा कुणी असता तर कापून मोकळा झाला असता. बरं झालं, कापलं नाहीस." आवाजात एवढी माया होती की मामाने मान डोलावली. मग त्याने बकल उघडून धुतलं, कमरेच्या पट्ट्यांची लांबी दुरुस्त केली, पुन्हा बसून बघितलं. सगळं चोख झालं.

बायको संध्याकाळी आली. चांगली साडी नेसून गेली होती, ती न बदलताच कॉटवर बसली. संस्थेला माणूस तातडीने हवा होता. मामाच्या नावाची हाक झाली, दुसऱ्यांदा झाली, मग पुढच्याला आत बोलावलं आणि त्यालाच घेतलं. मामाने तिला सगळं सांगितलं. कटरचंही.

"हाताशी होता?" तिने विचारलं.

"होता."

"मग?"

"भाऊजींनी डॉक्टरांना शब्द दिला होता."

"आणि तुम्ही मला," ती म्हणाली, आणि उठून भाताला पाणी ठेवलं.

बुधवारी डॉक्टर आले. गाडीच्या आधी त्यांनी मामालाच धरलं. "दाढ दुखतेय ना? भाऊजी म्हणाले. बघू, आ करा." मामा नको नको म्हणत असताना त्यांनी वर्कशॉपचा हँडलॅम्प उचलून त्याचं तोंड उघडायला लावलं. भाऊजी शेजारी उभे. डॉक्टरांनी एकेक दात निरखून पाहिला. "अहो, काही नाही. ठणठणीत आहेत सगळ्या दाढा. या वयात असे दात मी पाहिले नाहीत."

भाऊजी फडक्याला हात पुसत राहिले.

मग गाडी. डॉक्टर आत बसले, मामाने पट्टे आवळून दाखवले, बकल फिरवून दाखवलं. सुरेख फिरलं.

"आणि हे अडकलं तर?" डॉक्टरांनी विचारलं.

मामाचं वाक्य ठरलेलं होतं. त्याने तोंड उघडलं आणि ते आलं नाही. मग मागून भाऊजीच म्हणाले, सवयीने, दुकानाची पाटी वाचावी तसं, "कापायचं. विचार करत बसायचं नाही. पट्टा नवा मिळतो, डॉक्टर. माणूस मिळत नाही."

मामाने जुना पट्टा पाइपाला अडकवला, टोक ताणून धरलं आणि कटर डॉक्टरांपुढे केला. डॉक्टर बिचकले. "तुम्ही आधी दाखवा ना, मामा."

इतक्या लोकांकडून त्याने पट्टे कापून घेतले होते, पण स्वतः कधी कापला नव्हता. तो नेहमी टोक धरायचा. आज टोक डॉक्टरांनी धरलं. मामाने आकडी अडकवली आणि ओढली. काहीच जोर लागला नाही. ओला कागद फाटावा तसा पट्टा दुभंगला आणि मामाचा हात खाली आपटला, इतकं ते सोपं होतं.

डॉक्टर गाडी घेऊन गेले. भाऊजींनी शटर अर्धं खाली ओढलं आणि न बघता विचारलं, "मग काल कुठं जायचं होतं रे?"

पट्ट्याचा तुकडा मामाच्या हातात होता. "नोकरीच्या मुलाखतीला," तो म्हणाला. "चुकली."

भाऊजींनी फडकं टेबलावर ठेवलं. घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली. "मला सांगितलं असतंस," ते म्हणाले, "तर मी तुला सोडलं नसतं का?"

मामाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते खरंच बोलत होते की आत्ता, मुलाखत होऊन गेल्यावर, बोलायला सोपं म्हणून बोलत होते, ते त्याला कळेना. खोटं असेल तर निदान रागवायला माणूस होता. खरं असेल तर सगळी वर्षं बकल उघडंच होतं, आणि त्याने ते एकदाही फिरवून पाहिलं नव्हतं. हे दुसरं मनात आलं तसा मामाने पट्ट्याचा तुकडा मुठीत चुरगाळून खिशात घातला. विचारून खात्री करायची तर ती वेळही काल अकरालाच गेली होती.

"जेवलास का?" भाऊजींनी विचारलं.

"जेवतो," मामा म्हणाला.

कोपऱ्यात बेकरीवाल्यांची गाडी उभी होती. तळाला भोकं आदल्या आठवड्यातच पाडून ठेवली होती, पिंजरा खाली सोडलेला, वरची फट मोकळी. मामाने खिशातून मोबाइल काढला, किल्ल्या काढल्या, चष्म्याचं घर काढलं. पट्ट्याचा तुकडा तेवढा खिशातच राहू दिला. मग त्याने अंग चोरलं, श्वास लहान केला आणि आत सरकला.